ढमी आणि चौदावा दिवस

भाडेकरूंचं बघणाऱ्या एजंटबाईंना फ्लू झाला नसता, तर मी त्या दारात उभीच राहिले नसते. वेरिबी उपनगरातलं माझं एवढंसं युनिट, त्यात नवा भाडेकरू... आणि आता त्याला कुत्री ठेवायची होती! इथल्या कायद्याने नकार द्यायचा तर मागणी आल्यापासून चौदा दिवसांत घरमालकाला भाड्याच्या ट्रायब्युनलकडे अर्ज करावा लागतो. आज चौदावा दिवस. अर्ज फोनमध्ये भरून तयार होता, फक्त पाठवायचा होता.

दार उघडलं. आधी दिसला तो जबडा, मग त्यामागचा माणूस.

"मी ओजस. ही ढमी. स्टॅफी जातीची क्रॉस आहे हं, धोकादायक कुत्र्यांच्या रिस्ट्रिक्टेड लिस्टमधली नाही. व्हेटचा कागद आहे. घाबरू नका."

"मी कुठे घाबरलेय?" मी दाराला चिकटून म्हणाले.

तो हसला. मेलं हसणंही छान होतं!

"पोहे टाकतो. पहिल्यांदाच आलायत, तसंच कसं पाठवू?"

"घरमालकिणीला लाच?"

"लाच असती तर शेंगदाणे जास्त घातले असते."

तेल जरा जास्तच तापलं. मोहरी, मिरची, ठसका — आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. खुर्चीवर चढून मी तो बंद केला. वळून बघते तर ओजस जमिनीवर, पांढराफटक, श्वासासाठी धडपडत होता. अपघातानंतर त्याला मोठे आवाज सोसत नाहीत, असं कुत्रीच्या मागणीसोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या पत्रात होतं. मला तो बहाणा वाटला होता.

ढमी सावकाश आली. सगळं अंग त्याच्या मांडीवर टाकून तिने त्याच्या छातीला डोकं टेकलं. तिचं पोट संथ वर-खाली होत राहिलं... आणि हळूहळू त्याचा श्वास तिच्या श्वासाबरोबर चालायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. केवढं हे शहाणपण! आणि या जिवाला मी घराबाहेर काढायला निघाले होते.

"सॉरी," तो पुटपुटला. "पोहे राहिले..."

मी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग फोन काढून अर्ज डिलीट केला.

"ढमी इथेच राहील. पण एक अट आहे. दर रविवारी इन्स्पेक्शन."

"अहो, कायद्याने सहा महिन्यांतून एकदाच येता येतं..."

"माहितेय," मी म्हणाले. "म्हणून घरमालकीण म्हणून नाही येणार. आणि मला उर्वी म्हण."

तो कानापर्यंत लाल झाला.

"मग रविवारी, उर्वी... शेंगदाणे जास्त घालू?"