सहाशे बारा तास

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, शाहूपुरीतल्या त्या दुरुस्तीच्या दुकानात आधी नारळाचा वास शिरला, आणि मग ती.

तिच्या कडेवर कॉम्प्युटरचा कॅबिनेट होता. त्यावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली, फटीत झेंडूची एक पाकळी अडकलेली. शिरोळपासून एसटीत मांडीवर धरून आणलेले ते ओझे तिने काउंटरवर ठेवले आणि कपाळावरची बट फुंकरीने उडवली.

काउंटरमागे पारस मगदूम उभा होता. कोणी समोर आले की नकळत एक पाऊल मागे सरायची त्याची जुनी सवय. तो सरला.

"काय... झालं याला?"

"खंडेनवमी झाली," ती म्हणाली. "आक्का, म्हणजे माझी आत्या. तिनं ट्रॅक्टरची पूजा केली, मोटारीची केली. मग म्हणाली, पोरीचं यंत्र तेवढं का उपाशी? नारळ घेतला आणि ह्याच्याच टाळक्यावर फोडला! मी न्हाणीतनं पळत आलो तोवर पाणी आत. आणि मशीन चालूच हुतं की."

इकडच्या मुलींसारखी तीही 'आलो, गेलो' म्हणत होती, आणि त्या बोलण्याला एक धार होती. पारसने झाकण उघडले. आत, बरोबर मधोमध, खोबऱ्याचा एक तुकडा होता. त्याने तो चिमट्याने उचलून कागदावर ठेवला, अगदी आदराने.

मागच्या टेबलावरून दुकानाचे मालक तात्यासो खदखदून हसले. "मशीनला परसाद पावला म्हणायचा!"

"बाकीचं होईल दुरुस्त," पारस म्हणाला. "हार्ड डिस्क मात्र... नवी घालावी लागेल."

"नवी नको. ह्यातच माझा गेम हाय. सहाशे बारा तासांचा. गावात नेट धड न्हाय, त्यामुळं दुसरीकडं कुठंच न्हाय."

"गेमच न्हवं?" तात्यासो म्हणाले. "नव्यानं खेळ की, पोरी!"

ती वळली. "मामा, हे दुकान किती वर्षांचं?"

"बावीस."

"उद्या पाडतो. नव्यानं बांधा की!"

तात्यासोंना गप्प झालेले पारसने चार वर्षांत पहिल्यांदाच पाहिले, आणि त्याला आत कुठेतरी खिडकी उघडल्यासारखे वाटले.

तिचे नाव निशिगंधा. पुढचे तिने पारसला सांगितले, हलक्या आवाजात, काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत. दहावीत कबड्डी सुटली, कारण चड्डी आखूड. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सुटले, कारण वडील, म्हणजे आबा, आजारी. आबा बरे झाले. कॉलेज सुटले ते सुटलेच. उरला हा एक खेळ. ओसाड बेटावर गाव वसवायचे, विहिरी खणायच्या, बंधारे घालायचे. शेवटी दीपस्तंभ उभा करायचा. तो पेटला की समुद्रातून पहिले जहाज येते.

"दीपस्तंभच राहिला हुता," ती म्हणाली. "आबा म्हणाले, बरं झालं, देवानंच बंद पाडलं. तीन आठवड्यांनी पावणं येणार हायत मला बघायला. मी सांगून टाकलंय, दिवा लागल्याशिवाय मी कुणाच्या पुढ्यात पाटावर बसणार न्हाय. हसतात सगळे. हसू देत. एक तरी गोष्ट मी माझ्या हातानं शेवटाला न्यायची हाय."

पारस हसला नाही. "बघतो," एवढेच म्हणाला.

डिस्कच्या पोटाला चिकटलेली हिरवी पट्टी जळाली होती. अगदी त्याच नंबरची दुसरी पट्टी मिळाली, तर आतले सारे वाचण्याची आशा होती. त्याने गल्ल्या पालथ्या घातल्या, इचलकरंजीचे भंगारवाले पाहिले. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. 'कोल्हापुरात काम हुतं,' म्हणायची, आणि काम कधीच सांगायची नाही. येताना उकडलेल्या शेंगा आणायची. टरफले काउंटरवर, दाणे त्याच्या पुढ्यात.

"तुम्ही कधी भांडता का हो कुणाशी?" एकदा तिने विचारले.

"मनातल्या मनात."

"जिंकता?"

"...बहुतेक वेळा."

ती इतकी मोकळी हसली, की बाहेरचा रिक्षावाला वळून पाहू लागला.

तिसऱ्या शुक्रवारी ती आली, तेव्हा टेबलावर दोन डिस्का शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या.

"मिळाली पट्टी? कुठं?"

"एकांकडे होती." त्याने नजर चुकवली.

"एकांच्या घरातच हुती," तात्यासो मागून म्हणाले. "स्वतःचं मशीन फोडून आणलंय ह्यानं."

निशिगंधा त्याच्याकडे पाहत राहिली. "आणि तुमचं त्यातलं?"

"त्याच्या दोन प्रती आहेत. एक कपाटात, एक माझ्या मामाच्या घरी." तो ओशाळला. "मी भित्रा माणूस आहे. माझं काहीच कधी हरवलेलं नाही... पण तुमच्या पट्टीवर तांदळाएवढी एक चिप आहे. ती काढून या पट्टीवर बसवावी लागेल, आणि तिची दुसरी प्रत नाही. हात चुकला तर सारं संपलं. तुमची परवानगी हवी."

"हात थरथरतो?"

"माणसांपुढे थरथरतो. यंत्रांपुढे नाही."

"मग मी माणूस न्हाय असं समजा," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

पाऊण तास ती एक शब्दही बोलली नाही. पंखा बंद होता; तिच्या ओठावर घामाचे बारीक मणी जमले, तिने पुसले नाहीत. भिंगाखाली चिप सुटली, उचलली गेली, नव्या जागी टेकली. पारसला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तरीही हात थरथरला नाही. माणसांविषयीचे आपले भय एका माणसापुरते संपले आहे, हे त्याला त्या क्षणी कळले.

डिस्क घरघरली. थांबली... पुन्हा घरघरली. पडद्यावर तिचे बेट उगवले. विहिरी, बंधारे, धुराडी, आणि टोकाशी रिकामी ठेवलेली एक टेकडी.

ती रडली नाही. तिने माऊस हातात घेतला आणि तिथेच, तात्यासोंच्या दुकानात, दीपस्तंभ बांधला. दिवा लागला. दूर क्षितिजावर एक शीड दिसले.

त्याच वेळी तिचा फोन वाजला. पलीकडे आबा होते. त्यांचा आवाज पारसपर्यंत येत होता. परवा रविवारी पाहुणे यायचे होते.

"दिवा लागला, आबा," ती म्हणाली. "आता पाटावर बसायला मोकळी हाय. पण बसणार न्हाय. मध्यस्थाला मीच फोन लावून नको म्हणून सांगणार." आणि तिने फोन ठेवला.

"पारस," ती म्हणाली, पहिल्यांदाच नावाने. "मी न्हाय म्हणायला शिकलो. हो कुणाला म्हणायचं, ते कोण सांगणार?"

तात्यासोंना अचानक चहा आठवला, आणि ते बाहेर पडले.

पारस मागे सरू लागला. पाठीला भिंत लागली.

"मी... एकदाच बोलणार आहे," तो म्हणाला. "याची कुठेही दुसरी प्रत नाही. हरवलं तर हरवलं. मला तुम्ही आवडता. मंगळवार आणि शुक्रवार सोडून उरलेले पाच दिवस मला आता दिवस वाटत नाहीत."

तिने एक शेंग फोडली आणि दाणे त्याच्या तळव्यावर ठेवले.

"रविवारी मशीन घरी पोचवायचं," ती म्हणाली. "आणि हेच आबांपुढं बोलायचं."

"आबांपुढे... हात थरथरेल."

"थरथरू दे. बोलायला हात कशाला लागतो?"

रविवारी सकाळी पारस शिरोळच्या त्या घराच्या उंबऱ्याबाहेर कॅबिनेट घेऊन उभा होता. पाहुणे येणार नव्हते. पुढच्या सोप्यात आबा होते. दोन दिवस लेकीशी न बोललेले, चेहरा दगडासारखा. निशिगंधा खांबाला टेकून उभी होती, हनुवटी वर करून.

"दुरुस्ती किती झाली?" आबांनी विचारले.

"पैसे नकोत. मी... निशिगंधासाठी विचारायला आलो आहे. पारस मगदूम. आम्ही जैन. तुमच्यात बसत नाही, हे मला माहीत आहे." आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. "तरीही विचारतो आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर पुन्हा येऊन विचारेन."

"आणि ह्याला मी न्हाय म्हणणार न्हाय," निशिगंधा म्हणाली.

आबांनी लेकीकडे पाहिले. जणू कबड्डीच्या मैदानावरून घरी ओढून आणलेली ती दहावीतली पोर त्यांना आज पुन्हा दिसत होती.

तेवढ्यात आतून आक्का आल्या. बरे होऊन आलेले यंत्र त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या हातात नारळ होता.

"आक्का, न्हाय!" निशिगंधा आणि पारस एकदमच ओरडले.

आक्का दचकल्या. नारळ तसाच वर धरून त्यांनी भावाकडे पाहिले. "मग कुठं फोडू रं ह्यो?"

आबांनी पारसच्या पायांकडे पाहिले, उंबऱ्याच्या बाहेर अडकलेल्या.

"उंबऱ्यावर," ते म्हणाले. "पोरगं कवाचं भाईर उभं हाय."

नारळ फुटला. पाणी दगडावरून धावत पारसच्या बुटांपर्यंत आले.

तो मागे सरला नाही.