माशीखाऊची दमछाक

"डोळे उघड! पहारा देतोयस की झोपा काढतोयस?" भिंगरीनं धाकट्या भावाला कोपरानं ढोसलं.

"उघडेच आहेत," शेंगदाणा पुटपुटला. "फक्त पापण्या मिटल्यात."

दुपारचा एक वाजत आला होता. बागेच्या काचघरात भट्टीसारखं उकडत होतं आणि त्यात ही तीन मुलं एका अवाढव्य रोपामागे तासाभरापासून दबा धरून बसली होती. रोप कसलं, नुसता पसारा! उभ्या जन्मात त्याला दोनच पानं येतात, पण तीच वाढत, फाटत, लोळत राहतात. वाळवंटात अशी रोपं हजार-हजार वर्षं जगतात, असं पंडितनं सांगितलं होतं. भिंगरीचा जीव एका तासातच मेटाकुटीला आला होता, तिथे हजार वर्षं एका जागी बसायचं म्हणजे काय!

बारा वर्षांच्या या मुलीच्या पायाला चाकं होती, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. पंडित तिचा मावसभाऊ, वर्षानं मोठा. विचारलं नसलं तरी उत्तर देणारा. आणि हे काचघर सांभाळायची पंडितची आई, म्हणजे भिंगरीची मावशी. तिच्याकडेच भिंगरी आणि शेंगदाणा सुट्टीला आले होते. एकोणीस वर्षं! दगडासारखी दिसणारी रोपं, किडे गिळणारी घटपर्णी, सगळं तिनं लेकरासारखं वाढवलेलं.

आता मात्र तिची माशीखाऊ झाडं मरायला लागली होती. बशीएवढी इवलीशी झाडं, प्रत्येक पानाच्या टोकाला दातेरी जबडा. माशी आत शिरली आणि आतल्या केसांना लागोपाठ दोनदा लागली, की जबडा गपकन मिटतो. पण महिन्याभरात जबड्यामागून जबडा काळा पडत चालला होता.

"पाणी चुकतंय तुमचं, बाई," नव्या अधीक्षक साहेबांनी मावशीला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. "शनिवारी समिती येतेय. तुमच्या हातून ही झाडं सांभाळली जात नसतील, तर तुम्ही गोदामात बसा. खताची पोती तरी मरत नाहीत!"

मावशीनं घरी येऊन चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसून राहिली. चहा पुढ्यात गार झाला. कायम हसणाऱ्या मावशीला भिंगरीनं असं कधी बघितलं नव्हतं. सुट्टी गेली चुलीत! मावशीचं काचघर जाऊ द्यायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी पंडितनं पाण्याचा निकाल लावला. "हौदातलं हेच पावसाचं पाणी घटपर्णी पिते, आणि ती बघ कशी टुणटुणीत आहे! दोष पाण्यात नाही."

"कीड?"

"भिंगानं बघितलं. नाही."

"मग माणूस!" शेंगदाणा म्हणाला. आठ वर्षांचा तो, पण कधी कधी नेम बरोबर लागायचा.

म्हणून हा पहारा. मावशी एक वाजता डबा खायला जायची, तेवढाच तासभर काचघर मोकळं असायचं. मुलं बारापासूनच लपून बसायची. काल बाग पाहुण्यांना बंद होती, त्यामुळे कुणीच आलं नव्हतं. तिघांच्या पायांना मुंग्या आल्या, पंडितची मान आखडली आणि हाती लागलं काय? डासांचे फोड!

आज मात्र दार वाजलं.

"या, या! आमच्या बागेतली खरी गंमत इथे आहे!" पाच-सहा पाहुणे घेऊन खुद्द अधीक्षक साहेब आत आले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि एका जबड्यात खुपसून हलवली. गपकन! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खुलले. आणखी एक. गपकन! मग पाहुण्यांनीही हात धुऊन घेतले. ते गेले आणि अर्ध्या तासात दुसरा घोळका आला. तोच खेळ, तीच पेन्सिल.

"सतरा," पंडितनं वहीत आकडा लिहिला. "अगं, जबडा मिटायचा आणि उघडायचा म्हणजे झाडाला केवढी ताकद लागते. माशी मिळाली तर भरून निघतं. इथे घास नाहीच, नुसती हमाली! असं काही वेळा झालं की पान थकतं, मिटायचंच सोडतं आणि काळं पडतं."

"म्हणजे झाडं मारतात साहेब आणि बोलणी खाते मावशी? चोराच्या उलट्या बोंबा!" भिंगरी ताडकन उठली. "आत्ता जाऊन सांगते!"

"आणि आपलं ऐकणार कोण?" पंडितनं विचारलं.

भिंगरी पुन्हा खाली बसली. खरंच होतं ते. ती इतकी दमली होती की तिला रडूच यायला लागलं. पण रडता रडताच तिला सुचलं.

"आपण सांगायचंच नाही! साहेबांनाच सांगायला लावायचं. नुसतं कौतुक करायचं त्यांचं, भरपूर!"

शनिवारला तीन दिवस होते. त्याच संध्याकाळी मुलांनी ताज्या कुंड्या उचलून त्या दोनपानी रोपामागे लपवल्या. पुढे ठेवल्या फक्त दमत आलेल्या चार; शनिवारपर्यंत साहेबांची पेन्सिलच त्यांना पुरतं थकवणार होती.

शनिवारी समिती आली. तीन माणसं, आणि त्यांच्या पुढे पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाई. मावशी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. साहेबांनी घसा खाकरला. "दुर्दैवानं, आमच्या कर्मचारी बाईंच्या निष्काळजीपणामुळे..."

"साहेब!" भिंगरी मधाचं बोट लावल्यासारखी बोलली. "आधी तुमची ती जादू दाखवा ना! तुमच्यासारखी कुणालाच जमत नाही!"

"हो, हो! पेन्सिलची!" शेंगदाणा उड्या मारायला लागला.

साहेबांची कळी खुलली. पेन्सिल बाहेर आली. पहिला जबडा... ढिम्म! दुसरा... ढिम्म! तिसऱ्यात त्यांनी पेन्सिल गरगर फिरवली, तरी जबडा आपला आ वासून तसाच.

"तुमच्याच्यानं होतच नाही वाटतं," भिंगरी हळूच म्हणाली.

"होत नाही? अरे, रोज करतो मी!" साहेब चिडले. "प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. दिवसाला पंधरा-वीस वेळा! महिनाभर एकदाही चुकलं नाही!"

"दिवसाला वीस वेळा?" प्राध्यापक बाईंनी चष्मा काढला. "साहेब, एवढ्यात तर माणूससुद्धा मरेल."

पंडितनं रोजच्या आकड्यांची वही पुढे केली. शेंगदाण्यानं मागच्या कुंड्या ओढून आणल्या. तीन दिवस कुणी हात न लावलेली पानं टवटवीत होती. प्राध्यापक बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली.

"तीन दिवस नुसतं बघायचं आणि हात लावायचा नाही! माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांनाही हे जमत नाही," त्या म्हणाल्या. "शाब्बास! या बाई काचघर सोडून कुठेही जाणार नाहीत. आणि साहेब, ती पेन्सिल आता कागदावरच चालू द्या."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मावशीकडे बघितलं. "चुकलं माझं, बाई," ते कसेबसे म्हणाले.

सगळे गेल्यावर भिंगरी मावशीला बिलगली. "मावशी, तुला धक्काच बसला ना?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?" तिघं एकदम ओरडली.

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांना. हसले. परत सांगितलं, तर म्हणाले, मला शिकवू नका. मग मी बोलायचंच सोडलं. दमले होते रे, सांगून सांगून." मावशीनं समोरचं एक काळं पान खुडलं. "रोज सकाळी काळं पान कापायचं, आणि पुन्हा गप्प बसायचं. माझ्या तोंडून जे निघालं नाही, ते तुम्ही त्यांच्याच तोंडून वदवलंत. गुणाची माझी पोरं ती!"

भिंगरीनं मावशीचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

"जरा टेकते हं," मावशी म्हणाली. "पाचच मिनिटं. मग त्या कुंड्या..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा डोळा लागला. पंडितनं हळूच झारी उचलली आणि पाणी घालायला घेतलं. भिंगरी आणि शेंगदाणा बाहेर येऊन दाराशी बसले. थोड्या वेळानं पाहुण्यांचा एक घोळका आला.

"आज काचघर बंद आहे," भिंगरी दबक्या आवाजात म्हणाली. "हळू बोला. आत सगळे झोपलेत."