दहापैकी तीन

"तुम्हीही बोटं नाचवायला शिकायला आलात वाटतं?" कॉफीच्या रांगेत मारेनने मागच्या अनोळखी माणसाला विचारलं.

"सहा वर्षं नाचवतोय," तो म्हणाला. "उजळणीला आलोय. मी एमेट."

मारेनने जीभ चावली. अमेरिकेतल्या डुलूथ शहरात, एका चर्चच्या तळघरात, मार्चच्या गारठ्यात, चाळीस मानसोपचारतज्ज्ञ दोन दिवस एकच गोष्ट शिकणार होते. रुग्णाने जुना आघात आठवायचा, डोळ्यांसमोर डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांवर नजर ठेवायची, की आठवणीची धार बोथट होते म्हणे. मारेन बारा वर्षं नुसत्या बोलण्याने माणसं बरी करत होती. दवाखान्याने पाठवलं म्हणून आली होती, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत एमेट नेमका तिच्याच टेबलावर येऊन बसला.

"आठवणीला सामोरं गेलं की माणूस बरा होतो," ती म्हणाली. "बोटं म्हणजे नुसता तामझाम."

"असेलही. पण माझ्याकडे आग विझवणारा एक जवान यायचा. दोन वर्षं धड झोप नव्हती. आता तो घोरतो, अशी बायकोची तक्रार आहे."

"बोटांमुळेच कशावरून?"

"कुणास ठाऊक! मला फक्त घोरणं माहीत आहे."

तिला हसू आलं. तो तिच्याकडे बघतच राहिला, मग घाईने सँडविचकडे वळला.

"उद्या एकला सुटतोय आपण. तीनला… जहाजांसाठी वर उचलतात त्या पुलापाशी याल? धुरी दिलेला मासा छान मिळतो तिथे. भांडण अर्धवट राहिलेलं मला पचत नाही."

पूल म्हटल्यावर मारेनने हातातला घास खाली ठेवला. तरी ती म्हणाली, "येईन."

दुपारी सराव होता, एकमेकांवरच. शिकवणाऱ्या लुंडक्विस्टबाईंनी बजावलं, "दहापैकी तीन-चार त्रास देणारी आठवण घ्या. मोठी भुतं घरी ठेवा. आणि इथे ऐकलेलं इथेच. बाहेर विषय काढायचाच असेल, तर ज्याची आठवण त्यानेच."

चिठ्ठ्या टाकल्या. मारेन रुग्ण, एमेट डॉक्टर.

"सात वर्षांपूर्वी एकाने मला लग्नाचं ठरवायला त्या उचलत्या पुलापाशी बोलावलं होतं," ती सहज सुरात म्हणाली. "आला नाही. शिकागोला निघून गेला."

एमेटने उचललेली बोटं खाली घेतली. "आकडा?"

"तीन."

दुसऱ्यांची दुखणी मोजणारी माणसं स्वतःचं दुखणं मोजताना अशीच फसतात. बोटांच्या तिसऱ्या फेरीला तिला बर्फात रुतलेले आपले बूट दिसले. दुरून येणारी प्रत्येक टोपी त्याचीच वाटायची… तीन तास.

"आता किती?"

"आठ," ती म्हणाली आणि चक्क रडली.

एमेटने घाई केली नाही. आकडा पाचवर येईपर्यंत त्याची बोटं फिरत राहिली.

निघताना तो दाराशी घुटमळला. "उद्या… तीनला?"

जागेबद्दल अवाक्षर नाही. विषय काढायची त्याला मुभा नव्हती, हे तिला कळत होतं. तरी राग आलाच. "तीनला," ती म्हणाली.

रविवारी एकला सुटल्यावर ती घरी जाऊन अडीचलाच पुलाकडे आली आणि तिथल्या मासेवालीच्या दुकानामागे तिने गाडी लावली. बेत सोपा होता. दुकानातून बघायचं, तो दिसला तरच पुढे जायचं. नाही आला तर गुपचूप घरी… पुन्हा तिथे वाट बघत उभं राहणं तिला झेपणार नव्हतं.

"त्या वेड्याला ओळखतेस का गं?" ती दुकानात शिरताच मासेवालीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "दीडपासून उभा आहे. आत ये म्हटलं, तर म्हणतो, आतून रस्ता दिसत नाही."

मारेनने बाहेर पाहिलं. कठड्यापाशी एमेट पाय आपटत उभा होता. ती धावलीच.

"कधी आलात?"

"हे काय, आत्ताच." त्याचे कान लालबुंद झाले होते.

"खोटारडा! आता बोल. नियमातून सोडलं तुला."

त्याने श्वास सोडला. "जागा बदलली असती, तर ऐकलेलं बोलून दाखवल्यासारखं झालं असतं. म्हटलं, निदान तुला वाट बघत उभं राहायला लागू नये."

"आकडा विचार."

"किती?"

"एक."

"बघ! म्हटलं नव्हतं, बोटं—"

"बोटं गेली खड्ड्यात! तू दीडपासून उभा होतास म्हणून." तिने हातमोजे घातलेले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले. "आवडतोस तू मला. पुढच्या रविवारीही येशील?"

"किती वाजता?"

"तीनला."

"म्हणजे मला दीडला यायला हवं."

"नको," मारेन म्हणाली. "माझ्या घरूनच एकत्र निघू. म्हणजे कुणालाच थांबायला नको."