बावीसशे मीटरच्या पुढे

शेजारच्या ऑफिसातून तुम्ही आलात ते बरं झालं. बसा जरा. भुताला रात्रच लागते असं मीही समजत होतो.

शहराखालून काचेच्या तारांचं वर्तुळ न्यायचं, एकीकडे तुटलं तरी दुसरीकडून सगळ्यांचं इंटरनेट चालू राहावं, असा आराखडा मी केलाय. आज दुपारी भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, इथून बावीसशे मीटरवरच्या चेंबरमध्ये जोडकामाला उतरले. वर मुकादम होता. दोघंही यंदाच कामाला लागलेत. मी इथे, तारेत प्रकाश सोडून अंतर दाखवणाऱ्या या मीटरसमोर.

खाली फोन लागत नाही. म्हणून खालचा माणूस तार बोटांनी वाकवतो आणि माझ्या पडद्यावरची रेघ तेवढ्याच अंतरावर खाली येते. एकदा वाकवली तर तार सापडली, दोनदा तर काम झालं. तीनदा तर मला वर काढा.

भाऊजींनी एकदा वाकवली. मी निवांत चहा घेतला.

मग रेघ तीनदा वाकली. चौतीसशे मीटरवर.

मी हबकलोच. बावीसशेला तार तुटलेली होती, तीच जोडायला भाऊजी उतरले होते. प्रकाश पुढे जाणार कसा? आणि चौतीसशेवरच्या त्या चेंबरमध्ये... गेल्या वर्षी मला हे काम शिकवणारे आमचे मास्तर गेले, विषारी वायूने. खूण आलीच नाही, असं मी चौकशीत सांगितलं. धडधडीत खोटं. खूण आली होती. मीटर बिघडलाय समजून मी तो बंद-चालू करत बसलो होतो.

आज मीटरला हात लावला नाही. मुकादमाला फोन करून भाऊजींना ओढून काढायला लावलं.

थोड्या वेळाने भाऊजींचाच फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"वायू होता रे. हात उचलेना... तार त्या म्हाताऱ्यांनी वाकवली."

"कोण म्हातारे?"

"खालीच होते. म्हणाले, या वेळी तो बघेल."

तेवढ्यात मुकादमाने फोन घेतला. काळजी करू नका म्हणाला, दोघांनाही सुखरूप वर काढलंय.

"म्हातारेबुवा तुमच्याकडेच निघालेत, साहेब. चालत."

त्याला आता अर्धा तास झाला. भाऊजी वाचले, एवढं मोठं काम झालं. पण मास्तरांना मी काय सांगू? दार वाजलं तर तुम्ही उघडाल का? माझ्याच्याने व्हायचं नाही.