आत्याच्या गाडीचा आवाज

सिग्नल हिरवा झाला आणि आत्याच्या गाडीने पुढे सरकण्याऐवजी मागच्या बाजूने असा काही बार उडवला की, रस्ता ओलांडणारा एक तरुण हातातल्या पिशवीसकट आरशातून नाहीसा झाला.

आपल्या हातून मनुष्यहत्या घडली, या निष्कर्षाप्रत गाडी चालवणारी भाची तत्काळ पोचली. दार उघडून मागे धावली आणि थबकली. तो तरुण जिवंत होता. नुसता जिवंत नव्हे, तर भर रस्त्यात गुडघे टेकून, डोळे मिटून, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कान नेऊन, मैफलीत बसावे तशा तन्मयतेने ऐकत होता.

“लागलं का तुम्हाला?”

“शूऽ...” त्याने ओठांवर बोट ठेवले.

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच कल्लोळ मांडला होता.

“अहो, लागलंय का कुठे?”

“मला नाही. हिला लागलंय.” त्याने डोळे उघडले. “सायलेन्सरच्या आतली आवाज शोषणारी काचलोकर पार जळून गेलीय. रोटरी इंजिन ना? किती वर्षांनी ऐकतोय!”

“उठा हो, लोक शिव्या देतायत!”

“तुम्हाला, की मला?”

“दोघांनाही. एकत्रच.”

“मग ओळख झाली म्हणायची,” असे म्हणून तो गुडघे झटकत उठला. सायलेन्सर घडवणे हाच त्याचा व्यवसाय निघाला. दुकानाचा पत्ता त्याने घाईघाईने सांगितला, “पुलाखालून डावीकडे वळा. जिथून सगळ्यात जास्त ठोकाठोक ऐकू येईल, ते माझं नाही. त्याच्या शेजारचं.”

गाडी पुढे निघाली. भाचीने आरशात एकदाच पाहिले... म्हणजे दोनदा.

त्या भाचीचा व्यवसाय कानांचा होता. वयोवृद्धांची श्रवणशक्ती तपासावी, कोणता सूर कोणाला ऐकू येत नाही हे शोधावे आणि योग्य ते यंत्र कानात बसवून द्यावे, हे तिचे नित्यकर्म. अशा शांतिप्रिय मुलीच्या घरात शहरातली सर्वांत गोंगाटी गाडी असावी, ही आत्याची कृपा. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. भाचीला तिनेच लहानाची मोठी केली होती. ती गाडी तिने ऐन तारुण्यात, सगळ्यांचा विरोध पत्करून घेतली होती आणि आजही रोज संध्याकाळी ती एकटी टेकडीच्या रस्त्याने फेरी मारून येत असे. शेजाऱ्यांनी तक्रार केली. परिवहन कार्यालयाने बजावले, की शुक्रवारच्या ध्वनितपासणीत आवाज मर्यादेत आला नाही, तर गाडी कायमची रस्त्यावरून उतरेल.

“साधा सायलेन्सर आठवडाभरात जळतो,” भाची घरी आल्यावर म्हणाली. “आणि टिकणारा, जाडजूड बसवला, तर आवाजच बंद होईल.”

“मग राहू दे. मुकी गाडी मला नको.” आत्याने चष्मा पुसला. “ती भंगारात गेलेली चालेल. या घरात माझ्याशी उलटून बोलणारी ती एकटीच आहे. तू तर नुसती ‘हो आत्या, हो आत्या’ करतेस.”

“हो आत्या,” भाची म्हणाली आणि जीभ चावली.

आत्या हसली खरी. पण चष्मा पुसण्याचे तिचे काम जरुरीपेक्षा बराच वेळ चालले. भाचीला ते दिसले. गाडी वाचवायची आणि तिचा आवाजही, असे तिने त्याच क्षणी मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. गाडी लिफ्टवर चढली. तापलेल्या पोलादाचा वास, ठिणग्यांचा सडा आणि भिंतीवर टांगलेल्या वाकड्यातिकड्या नळ्या. त्या सर्वांच्या मध्यभागी तो तरुण, एखाद्या देवालयातील पुजाऱ्याच्या गांभीर्याने, खडूने जमिनीवर आकृती काढत होता.

“साध्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. हिच्यात त्रिकोणी रोटर गरगर फिरतो. झडपबिडप काही नाही. वाट मोकळी झाली की धूर एकदम बाहेर. तापलेला, तणतणत... रागावून घराबाहेर पडणाऱ्या माणसासारखा.”

“आमच्या आत्यासारखा.”

“आत्या फार रागावतात?”

“भेटलात की कळेल.”

“म्हणजे भेटवणार आहात तर!”

भाचीने इंजिन सुरू करायला सांगितले आणि आपले व्यावसायिक कान टवकारले. “यात दोन आवाज आहेत,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “खाली एक भरदार, घुमणारा. तो आत्याचा लाडका. आणि त्याच्यावर एक करवतीसारखा. शेजाऱ्यांच्या कानात घुसतो तो हाच. हा वरचा तेवढा काढून टाकता येईल?”

तरुण तिच्याकडे पाहतच राहिला. आजवर गिऱ्हाइकांनी त्याला ‘आवाज कमी करा’ किंवा ‘आवाज वाढवा’ यापलीकडे काही सांगितले नव्हते.

“येईल की. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो ना? तशी एका टोकाला बंद केलेली नळी मुख्य नळीला बाजूने जोडली, की ती तेवढाच सूर गिळते, आणि तिच्यात जळायला लोकरच नसते. पण लांबी अचूक हवी. सूर कोण सांगणार?”

“मी.”

मग एक विलक्षण अनुष्ठान सुरू झाले. भाचीने तो करवती सूर गुणगुणावा, तरुणाने गाल फुगवून नळीच्या तोंडावर फुंकर घालावी, तिने मान हलवावी, त्याने नळी थोडी कापावी.

“अजून लांब आहे.”

“इतकं बारीक कसं कळतं तुम्हाला?”

“कान आहेत मला.”

“दिसतायत...” तो नळीकडे पाहत म्हणाला, “छान आहेत.”

त्यानंतरचा सूर भाचीने बराच चढा लावला आणि त्याने निष्ठेने त्याबरहुकूम नळी कापली. नळी वाया गेली. दोष कोणाचा, यावर दोघांत बराच वेळ प्रेमळ वाद झाला. दुसरी नळी घेऊन पुन्हा आरंभ करावा लागला, याचे दुःख मात्र दोघांपैकी कोणालाच झाले नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी अखेरची जोडणी चालली होती. तरुण तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवून नळीला टाके घालत होता. भाची स्टुलावर बसून आत्याच्या शाळेतल्या गमती सांगत होती. प्रत्येक गमतीला मुखवटा वर जाई, तो हसे, तिच्याकडे पाही. मुखवटा खाली येई, ठिणग्या उडत.

“उद्या तपासणी झाली की...” मुखवट्याआडून प्रश्न आला, “तुमचं इकडे येणं संपलं?”

“का? तुमच्या कानांत काही बिघाड आहे का? असला तर तुम्हीच या माझ्याकडे.”

“आहे ना. ‘संपलं’ हा शब्द अजिबात ऐकू येत नाही.”

ठिणग्या थांबल्या. अखेरचा टाका पडला होता. तरुणाने अभिमानाने बटण दाबले. गाडी संथपणे खाली आली. आता लिफ्टचे हात गाडीखालून बाजूला सरकवायचे एवढेच उरले होते. तीन हात सरकले. चौथा सरकेना. तरुणाने ओढले, रेटले, मग खाली वाकून पाहिले आणि तसाच वाकलेला राहिला.

“काय झालं?”

“नळी... लिफ्टच्या हाताखालून वळसा घालून नेलीय मी.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडी लिफ्टला बांधलीय. पक्की. वेल्डिंग करून.”

भाचीने आधी डोळे विस्फारले, मग ओढणी तोंडाशी धरली. हसू आवरेना, आणि उद्याची तपासणीही विसरता येईना. नेमक्या याच शुभमुहूर्तावर आत्या दारात अवतरली.

“झाली का माझी गाडी?”

“झालीय,” भाची म्हणाली, “फक्त... निघत नाहीये.”

आत्याने पदर खोचला, वाकून नळीचा वळसा पाहिला, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या स्वरात विचारले, “किती वर्षं करताय हे काम?”

“बरीच.”

“असं यापूर्वी कधी झालंय?”

“कधीच नाही हो, आत्याबाई. शपथेवर सांगतो.”

“मग आजच लक्ष कुठे होतं?”

तरुणाने फक्त एकदा स्टुलाकडे पाहिले. स्टुलावर बसलेली व्यक्ती त्या क्षणी छताचे निरीक्षण करत होती.

“कळलं,” आत्या म्हणाली. “बरोबर उत्तराला मी पूर्ण गुण देते. पण गाडी उद्या सकाळी हवी.”

“त्या वळशावर कापतो आणि तिथे नटबोल्टचा जोड देतो. अंधार पडायच्या आत होईल. फक्त...” तो घुटमळला, “यांना जरा बाहेर बसवता का? नाहीतर या खेपेला मी गाडी भिंतीला जोडेन.”

शुक्रवारी सकाळी तपासणीच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. तपासनिसाने यंत्र तिवईवर ठेवले आणि आत्याला हात केला. आत्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घुमले, खोल, भरदार, छातीत उतरणारे. पण वरची करवत कुठेच नव्हती. भाचीने डोळे मिटून घेतले होते. तिच्या शेजारी तरुण कान टवकारून उभा होता.

तपासनिसाने यंत्रावरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. “मर्यादेत आहे. चला, पुढची!”

आत्या मात्र हलेना. सुकाणूवर हात ठेवून ती कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग काच खाली करून म्हणाली, “आवाज तिचाच आहे. आधी भांडायची... आता बोलते.” तिचे डोळे भरले होते, चष्मा पुसायचे तिला भान राहिले नाही.

“चला आत्या, घरी जाऊ,” भाचीने दाराला हात लावला. दार आतून बंद होते.

“मी टेकडीवर चालले. एकटी. तुम्ही दोघं या चालत.” आणि आत्याची गाडी घुमत घुमत फाटकाबाहेर पडली.

दोघे तिथेच उभे राहिले. आवाज वळणापलीकडे विरत गेला. तरुणाने घसा खाकरला, बुटांकडे पाहिले आणि अतिशय हळू, जेमतेम ओठ हलवत काहीतरी सांगितले.

भाचीच्या कानांतून त्यातले एक अक्षरही निसटले नाही. तिने चेहरा मोठ्या कष्टाने गंभीर ठेवला.

“काय म्हणालात? इंजिनांच्या आवाजात काही कळलं नाही.”

“तुम्ही... मला फार आवडता,” तो जरा मोठ्याने म्हणाला.

“अजून थोडं.”

“तुम्ही मला फार आवडता! माझ्याशी लग्न कराल का?”

नेमके त्याच वेळी पुढच्या गाडीचे इंजिन बंद झाले होते. आवारभर शांतता पसरली. रांगेतल्या यच्चयावत चालकांनी माना बाहेर काढल्या. तपासनिसाने यंत्राकडे नजर टाकली आणि उत्सुकतेने भाचीकडे पाहिले.

भाची लाजली, पण कानांच्या बाबतीत ती तडजोड करणारी नव्हती.

“हो,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि त्याचा काजळी लागलेला हात हातात घेऊन चालू लागली.