राखून ठेवलेली संध्याकाळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी जुनी चित्रं थुंकीने पुसते. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने पिवळं पडलेलं वार्निश उतरवायचं. फ्रान्समधल्या दीजों शहरात याच कामावर माझं पोट चालतं.

त्या मंगळवारी अडीचशे वर्षांपूर्वीचं एक चित्र समोर होतं. स्वयंपाकघर, पिवळा उजेड, आणि गालावर अश्रू घेऊन दाराकडे पाहणारी बाई. आमच्या संग्रहालयाचे पहारेकरी मस्यू लाव्हेर्न तीस वर्षं लोकांना सांगत आले होते, "संध्याकाळ झालीय. हिचा नवरा काही परत यायचा नाही." स्वतःची बायको गेल्यापासून तर त्यांना या बाईचीच सोबत होती.

"सोलांज, माझी संध्याकाळ पुसू नकोस गं."

"पिवळेपणा वार्निशचा आहे, मस्यू. उजेडाचा नाही."

पुसत गेले, तसा खिडकीतून पांढराशुभ्र उजेड आत आला. सकाळ होती! अश्रू म्हणजे वार्निशचा ओघळ निघाला. बाई चक्क हसत होती. मला इतका आनंद झाला की मी शीळ घातली. मागे कुणीतरी तीच चाल गुणगुणली... तापत्या दुधाचा वास आला. समोरच्या खानावळीतला असेल म्हणून मी खिडकी लावली. वास वाढला.

लाव्हेर्न मात्र हिरमुसले. "हसेना का. तो आलेला कुठे दिसतोय?"

आधी चित्र कसं होतं ते कळावं म्हणून आम्ही जुन्या वार्निशचा एक छोटा चौकोन तसाच राखतो. तो मी चित्रातल्या दाराच्या उंबऱ्यावर राखला.

"एवढी संध्याकाळ तुमची," मी म्हटलं. लाव्हेर्ननी कुलूप लावलं आणि आम्ही घरी गेलो.

सकाळी चौकोन नव्हता. उंबऱ्यावर चिखलाने माखलेले पुरुषी बूट होते, नुकतेच काढून ठेवल्यासारखे.

"आला...! अगं, आला!" लाव्हेर्ननी डोळे पुसत मला टेबलाभोवती गरगर नाचवलं. "तीस वर्षं फुकट रडलो की! आणि तू, लबाड, पहाटेच येऊन पुसलंस?"

"कुलूप तर तुम्ही आत्ता माझ्यासमोर काढलंत, मस्यू..."

ते नाचायचे थांबले. टेबलावर एक पिवळा झालेला बोळा पडला होता. मी हात लावून पाहिला. अजून ओला होता.

मी भिंग घेऊन चित्रावर वाकले. बाई कालच्यापेक्षा जरा जास्तच हसत होती, आणि तिच्या खालच्या ओठाला कापसाचा एक तंतू चिकटला होता.