कुलूप लावल्यावर परत बघायचं

कोगनोळीच्या नाक्यावर दोन्हीकडच्या बसगाड्या थांबवल्या होत्या. सीमेवरून कुणीतरी काहीतरी बोललं होतं, कुणाच्या तरी बसला काळं फासलं होतं, आणि त्याची शिक्षा कोल्हापूरहून बेळगावला निघालेल्या आम्हाला. खाली उतरा, नाका चालत ओलांडा, पलीकडे गाडी मिळाली तर मिळाली. ज्यांनी भांडण लावलं ते कधी बसनं जात नाहीत.

पलीकडे गाडी नव्हतीच. डिसेंबरचं ऊन पाठीला बरं वाटत होतं. मी चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसले आणि लॅपटॉप उघडला.

माझं घर पिरनवाडीला, नोकरी बेळगावात, लोकांचा डेटा साठवणाऱ्या एका कंपनीत. गल्लीतल्या बायका विचारतात, ऋतिका, मोबाईल रिपेर करतीस का गं? मी हो म्हणते. समजावण्यात जन्म घालवायचा नाही मला. खरं काम असं : मशीनच्या मेमरीचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेज म्हणतात. एखादं पेज नासलं की कर्नलनं, म्हणजे अख्ख्या मशीनचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रामनं, ते बाजूला काढायचं, कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही. आमच्याकडे कधीकधी ते बाजूला काढतानाच सगळं मशीन बंद पडायचं. साहेब म्हणायचे, रीस्टार्ट कर. रीस्टार्टवरच चाललीय ती कंपनी. मी मात्र त्या चुकीच्या मागेच लागले होते.

“तिथं थांबवून काय उपयोग न्हाय.”

मागे वळले. एक पोरगा उभा. हातात चहाचा कप, बाही उसवलेला स्वेटर, आणि नजर माझ्या स्क्रीनवर. माझ्यावर नाही... स्क्रीनवर. तेही का कोण जाणे, खटकलंच.

“दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायची पद्धत आहे का तुमच्याकडं?”

“डोकावलो न्हाय. चहा घ्यायला वाकलो, तर दिसलं.” तो ओशाळला, पण हलला नाही. “तुम्ही कोडला जरा वेळ थांबायला सांगितलंय. त्यानं गोंधळ कमी वेळा हुईल. जाणार न्हाय.”

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

त्याचं नाव गोमटेश. निपाणीचा. घरची तंबाखूची वखार, पण हा घरी बसून बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी कर्नलचंच काम करायचा. बाकावर माझा आणि त्याचा कप शेजारी ठेवून त्यानं मला समजावलं. मशीनमध्ये एकाच वेळी कितीतरी हात काम करत असतात. एक हात पेज बघतो आणि मग त्याला कुलूप लावायला जातो. बघणं आणि कुलूप लावणं यांच्या मधे बारीक फट राहते. तेवढ्यात दुसरा हात येऊन ते पेज तोडतो, नाहीतर भलत्यालाच देऊन टाकतो. पहिला हात मगाचच्याच माहितीवर विसंबून पुढे जातो, आणि सगळं कोसळतं.

“मग करायचं काय?”

“कुलूप लावल्यावर परत बघायचं. बदललं असलं तर सोडून द्यायचं, आणि पहिल्यापासून सुरू.”

“एवढंच?”

“एवढंच. पण परत बघायचा लोकांना लई कंटाळा.” बोलता बोलता त्यानं पहिल्यांदा स्क्रीन सोडून माझ्याकडे बघितलं. मग — अगदी उगाच — आणखी एकदा.

“हे कशासाठी?”

“खात्री केली,” तो म्हणाला, आणि चहात बघत बसला.

गाडी मिळायच्या आधी आम्ही एकमेकांचे नंबर घेतले. कर्नलचं काम जगभरच्या माणसांचं. दुरुस्ती, म्हणजे पॅच, ई-मेलनं सगळ्यांसमोर पाठवायची आणि बोलणीही सगळ्यांसमोर खायची. माझ्या पहिल्या पॅचला कुठल्याशा देशातल्या एका माणसानं असं धुतलं की वाचणाऱ्याला दया यावी. गोमटेशनं फोन केला आणि विचारलं, रडलात का? मी म्हटलं, नाही, भाकऱ्या थापतेय, जरा जोरात. तो इतका हसला की मलाही हसू आलं. त्यानंतर आमचं अहो-जाहो आपोआप गळून पडलं.

मी पॅच बदलायची. तो त्याच्या मशीनवर मुद्दाम पेजं नासवून बघायचा. बोलणं कुलपावरून सुरू व्हायचं, मग माझ्या आईच्या आमटीवर जायचं, मग मी कन्नडच्या पेपरात कशी काठावर पास झाले त्यावर. तो मला मुद्दाम कन्नडमध्ये काहीतरी विचारायचा, मी मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायची. मुद्द्याचं मात्र कुणीच काढत नव्हतं. तो जैन, मी मराठा. आमच्याकडे एवढ्यानं माणसं गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्याला संस्कार म्हणतात.

मग एकाएकी त्याचे फोन थांबले. मेसेज केला तर ‘कामात आहे’ एवढंच. आणि एका सकाळी, सगळ्या जगाला दिसेल असा त्याचा मेल : ऋतिका मॅडम, तुमचा पॅच माझ्या मशीनवर तपासला, नीट चालतो.

मॅडम.

पॅच स्वीकारला गेला. ऑफिसात पेढे वाटले गेले. ज्याला सांगायचं होतं, तो सोडून सगळ्यांनी अभिनंदन केलं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या तोंडून उलगडा झाला. माझा फोन चार्जिंगला असताना गोमटेशचा फोन आला होता. आक्कानं उचलला आणि कौतुकानं सांगितलं, रविवारी ऋतिकाला बघायला येणार आहेत, खानापूरचं स्थळ आहे, पोरगा बँकेत. आक्का खोटं बोलली नव्हती. तिनं सांगितलं तेव्हा ते तसंच होतं. त्याच संध्याकाळी मी घरात सगळ्यांसमोर नकार दिला आणि आईचा अबोला ओढवून घेतला. रविवारी कुणी आलंच नाही.

रजा टाकली, निपाणीची बस पकडली.

वखारीच्या दारातच तंबाखूचा वास नाकात शिरला आणि मला शिंकांवर शिंका. अशा तोऱ्यात मी भांडायला गेले. गोमटेश आतून धावत आला आणि त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तुझं... ठरलं न्हवं?”

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या आक्कांनी.”

“ते त्या दिवशी खरं होतं. त्याच दिवशी मी मोडलं. तू परत विचारलंस? एकदा तरी? सगळ्या जगाला शिकवतोस, आणि स्वतः जुन्या माहितीवर कुलूप लावून मोकळा.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“चुकलो.” मग हळूच, “आता विचारू?”

“विचार.”

“ठरलंय का गं तुझं?”

“व्हय. आत्ता ठरलंय. पोरगा मठ्ठ आहे... पण ठरलंय.”

तो हसला आणि लगेच गंभीर झाला. दाराच्या आतल्या बाजूला त्याचं घर होतं, भांड्यांचा आवाज येत होता. हेच अवघड आहे, हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती.

“मी मटण खाते, गोमटेश. तुझ्या घरात खाणार नाही. माझ्या आईच्या घरी गेले की खाणार, आणि लपवणार नाही. चालत असेल तर बोल. नसेल तर आत्ताच सांग, बेळगावची गाडी उभी असेल अजून.”

“मला चालतंय,” तो म्हणाला. “आईला चालणार न्हाय.”

“मग?”

त्यानं माझ्या हातातला तांब्या घेतला, खाली ठेवला आणि आत हाक मारली. त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली. बारीक, ताठ बाई. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“आई, ही ऋतिका. पिरनवाडीची. मराठ्यांची हाय. मी हिच्याशीच लगीन करणार.”

वखारीतल्या कामाच्या बायकांचे हात थांबले. मी मान खाली घातली नाही. घालायची सवय लागली की सुटत नाही.

त्याच्या आईनं दारातून पश्चिमेकडे बघितलं. ऊन समोरच्या भिंतीवरून खाली सरकत होतं.

“दिवस बुडत आलाय,” ती शेवटी म्हणाली. “आमच्यात अंधार पडल्यावर जेवत न्हाईत. हात धू आणि पानावर बस, पोरी. भांडायचं ते दिवा लावून भांडू.”